कुणाला सांगू नका

परिचर्या महाविद्यालयांत दीपप्रज्वलनाचा एक समारंभ असतो. शुभ्र गणवेशातील विद्यार्थिनी एकीच्या ज्योतीवर दुसरीने आपला दिवा लावत ओळीने उभ्या राहतात आणि शपथ घेतात. ही शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जात असली तरी ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथील एका परिचर्या विद्यालयाच्या समितीने लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती तयार केली. सेवा करताना रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबाच्या ज्या खासगी गोष्टी कानी येतील त्या आपण विश्वासाने जपू, असे तिच्यातील एक कलम आहे. आमच्या वसईच्या किती घरांतून शिक्षिका आणि परिचारिका निघाल्या हे वाचकांना सांगावयास नको. साहजिकच अशा समारंभांना आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावणे येते, आणि दर वेळी त्या कलमापाशी आमचे लक्ष थबकते. गुपित राखणे हा आमच्याही सेवेचा भाग आहे. वरवर पाहता धर्मगुरूचे मौन आणि परिचारिकेचे मौन ही एकाच कुळातील भावंडे वाटतात. ती तशी आहेत का, हा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी आमच्यासमोर ठेवला. तिला तो पाठ्यपुस्तकात भेटला नव्हता, एका शाळेत भेटला होता.

शाळेतील परिचर्या हा रुग्णालयातील परिचर्येहून अगदी वेगळा प्रकार आहे. रुग्णालयात येणाऱ्याला आपण आजारी आहोत हे ठाऊक असते. तो स्वतःहून येतो, दुखणे दाखवतो, उपचार मागतो. शाळेतील मुलाने काहीच मागितलेले नसते. गुरुजींनी रांग लावली म्हणून ते रांगेत उभे असते, आणि त्याचे वजन, उंची, दात, डोळे, केसांतील उवा हे सारे एक परके माणूस न्याहाळत असते. त्याने दाखवावयाचे ठरवले नव्हते तेही त्या माणसाला दिसते. पाहण्याचा हा अधिकार मोठा आहे, आणि तो सहजासहजी मिळतो म्हणून त्याचा विचार फारसा होत नाही.

नुसते पाहणे मुलाच्या हिताचेच असते असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या शाळांतून डॉक्टर मुलांची तपासणी करीत. कुणाला डोळ्यांचा खुपरीचा संसर्ग, कुणाला गजकर्ण, कुणाच्या डोक्यात उवा. अशा मुलांना घरी धाडले जाई. घरी उपचार करणारे कुणी नसे, म्हणून ही मुले आठवडेच्या आठवडे रस्त्यावर हिंडत आणि शाळा सुटली की त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत. १९०२ च्या ऑक्टोबरात लिलियन वाल्ड यांनी लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांमध्ये एक महिन्याच्या प्रयोगासाठी पाठवले. जे शाळेत धुऊन-पुसून, मलम लावून बरे होण्यासारखे होते ते तिने तेथेच केले, आणि उरलेल्यांसाठी ती मुलांच्या घरी गेली, आयांशी बोलली. वर्षभरात शाळेतून घरी धाडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. डॉक्टरांच्या तपासणीने मूल शाळेबाहेर गेले होते, ते परिचारिकेच्या तपासणीने आत आले. दोघांनी पाहिले तेच होते. पाहिल्यानंतर मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत कोण गेले, एवढाच फरक.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मतः असलेली व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस विकारांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचे स्वरूप. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. योजना चांगली आहे आणि अनेक मुलांच्या हृदयातील छिद्र किंवा दुभंगलेला ओठ तिच्यामुळे वेळीच लक्षात आला आहे. पण वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला मूल काय सांगणार? कायमची परिचारिका असलेली शाळा आपल्याकडे विरळाच. ही पोकळी थोडीफार भरून निघते ती प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थिनींमुळे. सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या अभ्यासक्रमात शाळेतील काम असते, आणि त्यासाठी त्यांची नेमणूक होते. ही नेमणूक काही दिवसांचीच, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आमची ही विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाला होती. महामार्गाच्या पूर्वेकडील एका शाळेत तिला पंधरा दिवस काढावयाचे होते. तिने जे सांगितले ते पापनिवेदनात नव्हे, धर्मगुरूनिवासाच्या ओटीवर बसून सांगितले, आणि ओळख पटेल असे काही न देता लिहिण्यास अनुमती दिली. पहिले चार दिवस तिने वजन आणि उंची याखेरीज काही लिहिले नाही. काट्यावर उभे राहिलेली मुले छाती फुगवीत, जणू श्वास कोंडून धरल्याने वजन वाढते. डोळ्यांचा तक्ता सहा मीटरांवर टांगलेला असे आणि रांगेत मागे उभी असलेली मुले पुढच्याची उत्तरे ऐकून पाठ करीत, त्यामुळे तिला तक्त्याच्या ओळी उलटसुलट विचाराव्या लागत. लोहाची निळी गोळी मुली जिभेखाली दडवून बाहेर थुंकत. त्यांना दटावण्याऐवजी तिने विचारले, तेव्हा कळले की अर्ध्या मुली सकाळी काही न खाता येतात आणि रिकाम्या पोटी गोळी घेतली की त्यांना मळमळते. मग तिने गोळीची वेळ मध्यान्ह भोजनानंतरची करून घेतली. अशा लहानसहान गोष्टींतून मुलांचा विश्वास बसत गेला. तिला ती 'सिस्टर' म्हणत. (आमच्या भागात या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि धर्मभगिनी व परिचारिका यांत मुले फारसा भेद करीत नाहीत. दोघीही पांढऱ्या वस्त्रांतल्या, दोघीही हात धुवावयास सांगणाऱ्या!)

पाचव्या दिवशी खरजेची तपासणी होती. सहावीतील एका मुलाने सदरा काढण्यास फार वेळ लावला. त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, काही निळसर, काही पिवळे पडलेले. म्हणजे ते एका दिवसाचे नव्हते. तिने काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "सिस्टर, पडलो." मग सदरा घालता घालता हळूच, "बाईंना सांगू नका. घरी कळेल." मागे चाळीस मुलांची रांग होती. ती म्हणाली, "नाही सांगणार." तक्त्यात एक रकाना होता, 'खरूज'. त्यात तिने लिहिले, 'नाही'. लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे होते, आणि पुढचा मुलगा समोर आला.

रविवारी मिस्सानंतर ती आमच्याकडे आली. तिचा प्रश्न सरळ होता. "फादर, मी शपथ घेतलीय. तुम्हीसुद्धा कुणाचं कुणाला सांगत नाही. मग मी सांगितलं तर ते पाप होईल ना?" आम्हांला वाटले, तिला 'होय' हे उत्तर हवे होते, कारण त्या उत्तराने ती मोकळी झाली असती.

पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे, हे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ९८३ वे कलम सांगते. शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी ती मोडता येत नाही, मग धर्मगुरूचा जीव जावो. परंतु ही मुद्रा इतकी कठोर का आहे, हे समजून घेतले पाहिजे. पापनिवेदनास आलेला मनुष्य स्वतःचे पाप परमेश्वरासमोर मांडतो आणि क्षमा मागतो. धर्मगुरू ते स्वतःसाठी ऐकत नाही, म्हणून ते त्याच्या मालकीचे होत नाही. त्या मुलाने काय सांगितले? त्याने आपले पाप सांगितले नाही. दुसऱ्याने त्याच्यावर उगारलेला हात त्याच्या पाठीवर लिहिला होता आणि तो त्याला लपवता आला नाही, एवढेच. त्याच्याकडे क्षमा करण्याजोगे काही नव्हते. त्याने मौन मागितले ते भीतीपोटी. भीतीने मागितलेल्या मौनावर संस्काराचे वस्त्र पांघरले तर त्या वस्त्राखाली मूल झाकले जात नाही, मारणारा झाकला जातो. धर्मगुरूचे मौन त्या संस्कारात जन्मते आणि त्यापलीकडे जात नाही. परिचारिकेला ते उसने घेता येत नाही. आम्हांलाही ओटीवर बसून ऐकलेल्या गोष्टीसाठी ते वापरता येत नाही.

सेमिनरीत आम्हांला गुपितांचे तीन प्रकार शिकवले गेले. वस्तुस्थितीच अशी की ती उघड करणे बरे नव्हे, ते नैसर्गिक गुपित. कळल्यानंतर 'सांगणार नाही' असा शब्द दिला, ते वचनाचे गुपित. आणि मौनाच्या अटीवरच जे सोपवले जाते, जसे वैद्याला वा वकिलाला, ते विश्वासाचे गुपित. तिसरे सर्वांत बळकट, पण तेही निरपवाद नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये साक्षीदाराच्या कर्तव्याची चर्चा करताना याचा निवाडा दिला आहे. पापनिवेदनातील गोष्ट कदापि उघड करावयाची नाही. इतर मार्गाने कळलेली गोष्ट मात्र कुणाच्या गंभीर हानीची असेल तर ती सांगणे बंधनकारक आहे, आणि 'मी गुप्ततेचा शब्द दिला आहे' ही सबब तेथे चालत नाही, कारण तो शब्द पाळल्याने दुसऱ्याशी असलेली निष्ठा मोडते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही २४९१ व्या परिच्छेदात व्यावसायिक गुपिताला हाच अपवाद सांगितला आहे, आणि त्यात ज्याने गुपित सोपवले त्याच्याच गंभीर हानीचा उल्लेख पहिला आहे. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार वळ उठलेल्या पाठीपर्यंत पोहोचतो, याचे आम्हांला त्या दिवशी थोडे नवल वाटले.

देशाचा कायदा काही बाबतींत याहून स्पष्ट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाला पोलिसांकडे कळवण्यास बांधतो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर एक वर्षापर्यंत. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात, तेथील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरील न कळवल्याचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता तो पुन्हा उभा केला आणि जाणूनबुजून गप्प राहणे हा गंभीर अपराध असल्याचे सांगितले. परंतु या मुलाच्या पाठीवरील वळ त्या कायद्यात बसत नव्हते. बालन्यायाचा २०१५ चा कायदा क्रूरतेला शिक्षा सांगतो आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे कुणी न्यावे याच्या यादीत परिचारिकेचे नाव आवर्जून घालतो. मात्र तेथे 'नेता येईल' असे आहे, 'नेलेच पाहिजे' असे नाही. जेथे कायदा हात धरून नेत नाही तेथे विवेकबुद्धीला स्वतःच्या पायांनी चालावे लागते.

आमच्या एका सहकारी धर्मगुरूंना हे सारे पटले नाही. रात्रपाळी करून थकलेला बाप मुलाला शिस्त लावतो, त्यात परक्याने पडू नये, घर मोडेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या चिंतेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दोन रंगांचे वळ ही शिस्त नव्हे. पहिले वळ उमटल्यावर जर मूल सुधारले नसेल तर दुसऱ्या वळांनी कोणते शिक्षण दिले? घर मोडण्याची भीती घालताना, त्या घरात आधीच काहीतरी मोडले आहे हे आपण विसरतो.

खरी अडचण निराळीच आहे. 'घरी कळेल' हे मुलाचे शब्द अनुभवाचे होते. बाईंना सांगितले की बाई शिक्षकदालनात सांगणार, तेथून शिपायापर्यंत जाणार, बापाला बोलावणे जाणार, बाप मुख्याध्यापकांसमोर मान खाली घालणार आणि रात्री पट्टा पुन्हा खुंटीवरून उतरणार. मुलाने हे सारे दोन वाक्यांत सांगितले होते. गुपित फोडणाऱ्यावरील विश्वास पुन्हा सांधत नाही, जखम मात्र बांधता येते, अशा आशयाचा उपदेश जुन्या करारातील बेन सिराच्या बोधग्रंथात आहे. म्हणून सांगावे की सांगू नये यापेक्षा कुणाला सांगावे हा प्रश्न मोठा आहे. गुपित फोडणे आणि गुपित योग्य जागी पोहोचवणे ही दोन कृत्ये आहेत, जरी दोन्हींत तोंडच उघडते. फरक कसा ओळखावा, असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, सांगितल्यावर ओझे कुणाचे कमी होते ते पाहा. पुष्कळ माणसे आपले मन हलके करण्यासाठी सांगतात, आणि पुष्कळ माणसे त्याच कारणासाठी गप्प बसतात.

येथे आमच्या संस्थांविषयी एक शब्द. शाळेचे नाव, वसतिगृहाचे नाव, धर्मग्रामाचे नाव यांच्या रक्षणासाठी पाळलेल्या मौनाला आपण विवेक, संयम, मोठेपणा अशी देखणी नावे देतो. जगभरच्या ख्रिस्तसभेला या देखण्या नावांची किंमत मोजावी लागली आहे. २०१९ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांवरील अत्याचारांच्या प्रकरणांतून परमधर्मपीठाची कार्यालयीन गुप्तता काढून टाकली, आणि पापनिवेदनाच्या मुद्रेला मात्र हात लावला नाही. कोणते मौन पवित्र आणि कोणते केवळ सोयीचे, याची सीमारेषा त्या एका निर्णयात जितकी स्वच्छ दिसते तितकी ती आमच्या व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांत दिसत नाही.

मग तिने दिलेल्या शब्दाचे काय? तो चुकीचा शब्द होता, पण दिलेला होता. मोठ्यांना दिलेला शब्द मोडला तर जाब विचारला जातो. मुलाला दिलेला शब्द मोडावयाला काहीच लागत नाही, आणि म्हणूनच तो पाठीमागून मोडू नये. आमचे मत असे पडले की तिने प्रथम त्या मुलाकडेच जावे. कुणाशी बोलण्याआधी त्याला सांगावे की मी तुला जे म्हणाले ते मला पाळता येणार नाही, मी ते म्हणावयास नको होते. सर्वांना सांगणार नाही, एकालाच सांगेन. ते कुणाला, हे तू मला सांग, आणि मी तेथे हजर असेन.

सोमवारी ती आपल्या इन्स्ट्रक्टर मॅडमची परवानगी घेऊन गेली. परवानगी कशासाठी हे तिने सांगितले नाही, एका मुलाची तपासणी राहिली आहे एवढेच म्हणाली, आणि तेही खोटे नव्हते. मुलगा ऐकत होता आणि चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आजीला सांगा." रेल्वेच्या पलीकडे त्याच्या आईची आई राहत होती, आणि साऱ्या शाळेत तिच्याविषयी कुणाला ठाऊक नव्हते. मोठ्यांनी कितीही विचार केला असता तरी मुख्याध्यापक, पोलीस, बाप याच तीन जागा त्यांना सुचल्या असत्या. चौथी जागा मुलालाच माहीत होती.

त्यानंतर तिने मॅडमना सर्व सांगितले. मॅडम आरंभी म्हणाल्या की आपण येथे शिकायला आलो आहोत, गुंतू नका. मग त्यांनी स्वतः पाठ पाहिली आणि पुन्हा तसे म्हणाल्या नाहीत. आजीला शाळेत बोलावले गेले ते पालकसभेच्या निमित्ताने, एकटीला. मॅडमच्या आग्रहामुळे मुख्याध्यापकांनी १०९८ या क्रमांकावरही कळवले. ही बालकांसाठीची मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत सुरू झाली होती, आज ती देशभर आहे. दोन दिवसांनी कार्यकर्ते आले. मुलगा काही काळ आजीकडे राहील असे ठरले. बापाशी कुणीतरी बोलत आहे, असे ती म्हणाली.

तो मुलगा मात्र उरलेल्या दिवसांत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. रांगेत तिच्यापुढे येण्याची वेळ आली की तो मागच्याला पुढे करी. याचे तिला फार वाईट वाटले. आम्ही तिची समजूत घातली नाही. तिच्यावर रागावण्याचा त्याला हक्क होता, आणि तो हक्क त्याला बापाकडे नव्हता.

पंधरावा दिवस शनिवार होता. वजनकाटा, मोजपट्टी, डोळ्यांचा तक्ता पेटीत भरून झाला. नोंदवही सुपूर्द करताना तिने मॅडमना विचारले की पुढची तुकडी याच शाळेत येणार का. येणार नव्हती, दुसऱ्या शाळेची पाळी होती. नोंदवहीत अशा गोष्टीसाठी रकाना नव्हता. तेव्हा मॅडमनी एक कोरा कागद दिला. त्यावर तिने मुलाचे नाव न घालता त्याचा हजेरी क्रमांक, आजीच्या घरापर्यंतचा रस्ता आणि आजीची कामावरून परतण्याची वेळ लिहिली, कागद बंद पाकिटात घातला आणि सहावीच्या बाईंच्या नव्हे, मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या मावशींच्या हाती दिला, कारण त्या आजीच्याच वस्तीत राहत होत्या आणि रोज शाळेत येत होत्या.